गादीवरचा पैलवान की मातीतला? फेअरवे वूड पारखायचा कसा

गोल्फच्या दुकानातल्या जाळीसमोर मी एक थ्री वूड, म्हणजे लांब फटक्यासाठीचा फेअरवे वूड क्लब, आठ-दहा वेळा मारला. त्यातला एक चेंडू पडद्यावर २१४ यार्ड गेला, आणि माझा हात पाकिटाकडे गेला. पुढच्या रविवारी कोर्सवर मार्चच्या उन्हाने फेअरवे (कापलेल्या गवताची मधली पट्टी) टणक झाला होता, गवत विरळ. पहिल्याच पार-फाइव्हला, म्हणजे पाच फटक्यांत पुरा करायच्या होलला, टीशॉट (खुंटीवरचा पहिला फटका) मधोमध पडला. नवा क्लब ऐटीत काढला आणि चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून जाऊन ऐंशी यार्डांवर विसावला. पुढच्या होलला पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी क्लब चेंडूआधी जमिनीलाच लागला. आमच्या कॅडींना, म्हणजे बॅग उचलणाऱ्या मदतनिसाला, सगळे मामाच म्हणतात. ते तीन होल गप्प राहिले आणि मग म्हणाले, "साहेब, हा गादीवरचा पैलवान आहे. मातीत नाही चालायचा."

मामांनी दोन वाक्यांत जे सांगितले, ते कळायला मला आणखी दोन क्लब आणि बरेच पैसे लागले. रेंजवरची मॅट ही खरेच गादी असते. क्लब दोन इंच मागे लागला तरी तो मॅटवरून घसरत पुढे येतो, चेंडू उडतो आणि आपण खूश होतो. टणक मातीवर तोच फटका वाया जातो. शिवाय आपण लक्षात ठेवतो तो दहांतला एक फटका, आणि स्कोअरकार्डावर उतरतात ते उरलेले नऊ. फेअरवे वूडची किंमत ठरवायची असेल तर त्या नऊंकडे बघावे लागते. पुढची पद्धत त्यासाठीच आहे. ती साधारण १२ ते २८ हँडिकॅपच्या (पारपेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात ते माप), ड्रायव्हरचा, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबचा, कॅरी (चेंडूचे हवेतले अंतर) १७० ते २२० यार्ड असणाऱ्या खेळाडूला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. सिंगल हँडिकॅपवाल्यांचे प्रश्न वेगळे असतात, आणि त्यांना सल्ला देण्याची माझी प्राज्ञा नाही.

आधी बॅग उघडा, दुकान नंतर

नियमाप्रमाणे बॅगेत १४ क्लब. त्यातली एक जागा या क्लबला द्यायची, तर तिथे खरोखर खिंडार आहे का ते आधी बघा. रेंजवर ड्रायव्हरचे दहा आणि तुमच्या सर्वांत लांब आयर्नचे (पातळ धातूच्या डोक्याचा क्लब) किंवा हायब्रिडचे (आयर्न आणि वूड यांच्या मधला क्लब) दहा चेंडू मारा. रोल, म्हणजे जमिनीवरचे घरंगळणे, धरू नका, फक्त कॅरी. दहांतला सर्वांत लांब आकडा सोडून मधला आकडा घ्या. समजा ड्रायव्हर २०० आणि फोर हायब्रिड १६०. मधले खिंडार ४० यार्डांचे आहे आणि तुम्हाला हवा आहे १८० यार्डांच्या आसपास पडणारा क्लब. नवा थ्री वूड १९५ जातो म्हणून भुललात, तर ड्रायव्हरची धाकटी आवृत्ती घरी येते आणि खिंडार तिथेच राहते.

मग गेल्या पाच राउंडची स्कोअरकार्डे काढा आणि आठवून आठवून खुणा करा: या अंतरावरचा फटका टीवरून होता, फेअरवेवरून होता की रफमधून (कडेच्या उंच गवतातून)? हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच कोणी करत नाही. माझ्या कार्डांवर चारातले तीन फटके जमिनीवरचे निघाले, आणि मी मात्र क्लब निवडला होता तो टीवर कसा दिसतो ते बघून. तुमचे उलट असू शकते. अरुंद पार-फोरवर ड्रायव्हरऐवजी टीवरून वापरायलाच क्लब हवा असेल, तर खालच्या सल्ल्यातला निम्मा भाग तुम्हाला लागू नाही. मोठ्या फेसचा (चेंडूला लागणारा पृष्ठभाग), कमी लॉफ्टचा (फेसचा अंशांतला कल) थ्री वूड खुशाल घ्या.

नंबर वाचू नका, अंश वाचा

क्लबच्या सोलवरचा, म्हणजे तळावरचा, ३, ५, ७ हा आकडा कोणत्याही मापाने बांधलेला नाही. थ्री वूड म्हणून १३.५ अंशांचाही क्लब मिळतो आणि १६.५ अंशांचाही. साधारण अंदाज असा: थ्री १५, फाइव्ह १८ ते १९, सेव्हन २१ ते २२, नाइन २४ च्या आसपास. लांबीही नंबरागणिक अर्ध्या इंचाच्या आसपास कमी होते. थ्री ४३ इंच धरला तर फाइव्ह ४२.५.

अंश का महत्त्वाचे, ते चेंडूचे उड्डाण मोजणारी यंत्रे बनवणाऱ्या ट्रॅकमनने काही वर्षांपूर्वी प्रसिद्ध केलेल्या पीजीए टूरच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या) सरासरीवरून दिसते. तिथले व्यावसायिक तेव्हा थ्री वूड ताशी १०७ मैलांच्या वेगाने फिरवत होते. चेंडू ९.२ अंशांनी निघत होता, २४३ यार्ड कॅरी होत होता आणि ४३ अंशांच्या कोनात उतरत होता. फाइव्ह वूडला वेग १०३, कॅरी २३०, पण उतरण्याचा कोन ४७ अंश. म्हणजे १३ यार्ड देऊन चार अंश उभी उतरण मिळाली. हिरवळीवर, म्हणजे होलभोवतीच्या ग्रीनवर, चेंडू थांबवायचा असेल तर हा सौदा वाईट नाही. डस्टिन जॉन्सनसारख्या लांब मारणाऱ्याने २०२० ची मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली तेव्हा त्याच्या बॅगेत सेव्हन वूड होता. सेव्हन वूड म्हाताऱ्यांचा क्लब, असे आमच्या फोरबॉलमध्ये, म्हणजे चौघांच्या कंपूत, अजूनही म्हणतात. म्हणू द्या.

आता हेच आपल्या वेगावर आणा. आपल्यापैकी बहुतेकांचा ड्रायव्हर ताशी ८० ते ९० मैलांनी फिरतो, थ्री वूड त्याहून काही मैल कमी. या वेगाला १५ अंशांचा क्लब जमिनीवरून चेंडू पुरेसा उंच नेत नाही. चेंडू लवकर खाली येतो, आणि थ्री वूडचा कॅरी फाइव्हएवढाच, कधी कमीही भरतो. माझा ठोकताळा असा आहे: ड्रायव्हरचा वेग ८५ च्या खाली असेल तर जमिनीवरच्या कामासाठी १८ अंशांपासून सुरुवात करा; ८५ ते ९५ मध्ये १६.५ चाचणीला घ्या. त्याच्या वर गेल्यावर १५ चा विचार. हौशी पुरुषांनी आरशासारखे बघायचे असेल तर एलपीजीएच्या, म्हणजे व्यावसायिक महिला टूरच्या, खेळाडूंकडे बघावे. त्याच जुन्या आकड्यांत त्यांचा थ्री वूडचा सरासरी कॅरी १९५ यार्ड होता, आणि तो जगातल्या सर्वोत्तम फटक्यांनी आलेला आहे. माझे २१४ कुठून आले असतील, हे मला तिथे उमगले.

या बाबतीत जुने खेळाडू आपल्यापेक्षा शहाणे होते. १९३५ च्या मास्टर्समध्ये ऑगस्टाच्या पंधराव्या होलवर जीन साराझेनने २३५ यार्डांवरून चेंडू थेट होलमध्ये घातला. त्या वेळी प्रश्न तीन नंबरचा वूड की चार नंबरचा, असा होता. चेंडू फारसा चांगला बसलेला नव्हता, म्हणून त्याने चार घेतला.

फेसवर सोळा मिलिमीटर

ही परीक्षा घरच्या फरशीवर होते. एक स्टीलची पट्टी आणि व्हाइटबोर्डचा मार्कर घ्या. गोल्फचा चेंडू ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे त्याचा मध्य जमिनीपासून सुमारे २१ मिलिमीटरवर. पण फेस कललेला असल्याने स्पर्श मध्यावर होत नाही, त्याच्या खाली होतो. १५ अंशांच्या क्लबला हिशोब केला तर खालच्या कडेपासून फेसवर १६ ते १७ मिलिमीटर. तिथे मार्करने ठिपका द्या. आता क्लब हातात धरून बघा, हा ठिपका फेसच्या मध्याच्या किती खाली आहे?

उंच फेसच्या क्लबमध्ये तो बराच खाली दिसेल. म्हणजे जमिनीवरून अगदी स्वच्छ फटका मारला तरी चेंडू क्लबच्या सर्वांत जोरकस जागेच्या खालीच लागणार. तिथे लागला की चेंडू खालून निघतो, फिरकी वाढते, वेग मरतो. टीवरून हाच क्लब सिंहासारखा असतो, कारण चेंडू अर्धे बोट वर बसलेला असतो. १९९० च्या दशकात अ‍ॅडम्स कंपनीचे टाइट लाइज हे क्लब धडाक्याने खपले ते याच कारणाने. डोके बुटके, फेस कमी उंचीचा, वजन खाली. विरळ गवतावरून सामान्य माणसाचा चेंडू उडू लागला. पुढे २०१२ मध्ये टेलरमेडने रॉकेटबॉल्झ आणला तेव्हा जाहिरातीत १७ यार्ड जादा असे सांगितले होते. त्याच्या सोलमध्ये फेसच्या मागे एक खाच होती, फेसचा खालचा भाग जास्त लवचिक व्हावा म्हणून. कल्पना अस्सल होती. पण १७ हा आकडा जोरात मारणाऱ्यांचा. ताशी ८० मैलांच्या स्विंगने त्यातले किती पदरात पडतात, हे तुम्ही स्वतः मोजल्याशिवाय कळत नाही. तेव्हापासून आजवर प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक आकड्याला मी हीच चाळणी लावतो.

सोलकडेही नजर टाका. मध्ये किंचित फुगीर आणि कडांना गोलसर सोल उतारावर आणि रफमध्ये गवतातून सहज निघतो. सपाट, रुंद सोल टणक जमिनीवर आपटून उसळतो. दख्खनच्या पठारावर फेब्रुवारी ते मे या काळात ही उसळी फार छळते. पावसाळ्यात उलटे: जमीन मऊ, रोल शून्य, आणि धारदार कडेचा क्लब चिखलात रुततो. दोन्ही ऋतूंत चालेल असा एकच सोल असतो असे मला अजून दिसलेले नाही. तुम्ही कोणत्या महिन्यांत जास्त खेळता त्यावर ठरवा.

लॉफ्ट बदलता येणाऱ्या स्लीव्हबद्दल (दांडा आणि डोके जोडणारा, पान्याने सुटणारा भाग) थोडक्यात. लॉफ्ट वाढवला की फेस किंचित बंद होतो, कमी केला की उघडतो. स्लाइसवाल्याने (ज्याचा चेंडू उजवीकडे वळतो) अंतरासाठी लॉफ्ट कमी केला तर चेंडू आणखी उजवीकडे जाणार. ही सोय छान आहे, पण केवळ तिच्यासाठी पाच-सात हजार जास्त देऊ नका. आमच्या ओळखीतले बहुतेक जण पहिल्या आठवड्यानंतर त्या पान्याला हातही लावत नाहीत.

शाफ्ट

शाफ्ट म्हणजे क्लबचा दांडा. त्यावरच्या आर (रेग्युलर), एस (स्टिफ) या अक्षरांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. एकाचा रेग्युलर दुसऱ्याच्या स्टिफइतका कडक निघू शकतो. त्यामुळे अक्षरापेक्षा वजन विचारा. ड्रायव्हरचा शाफ्ट ५५ ग्रॅमचा असेल तर फेअरवेचा तेवढाच किंवा दहा ग्रॅम जड असावा. हलका असला की टायमिंग बिघडते. लांबी स्वतः मोजा. जुन्या क्लबचा शाफ्ट कोणी कापलेला असतो, आणि अर्धा इंच कापला की स्विंगवेट (फिरवताना डोके किती जड लागते त्याचे माप) साधारण तीन अंकांनी उतरते. डोके हरवल्यासारखे वाटते. याउलट, ४३ इंचांचा नवा क्लब मधोमध लागत नसेल, तर ग्रिप अर्धा इंच खाली धरून दहा चेंडू मारा. फटके एकदम जमू लागले तर तुम्हाला क्लब नको आहे, आखूड शाफ्ट हवा आहे. तेवढे काम क्लब दुरुस्त करणारा थोडक्या पैशांत करून देतो.

खरी कसोटी

आता मुख्य भाग. यासाठी दोन तास, एक वही आणि तुमचा सध्याचा क्लब लागेल. नवा क्लब एकटा कधीच तपासू नका. बाजूला जुना फाइव्ह वूड किंवा हायब्रिड ठेवा, म्हणजे तुलना होते. बहुतेक प्रो-शॉप डेमो क्लब देतात. मागायला लाजू नका.

गवताची टी असलेली रेंज शोधा. नसेल तर एखाद्या कामाच्या दिवशी दुपारी, मागे कोणी नसताना, खेळाडूंना पाळीने सोडणाऱ्या स्टार्टरला विचारून कोर्सवरच चाचणी करा. खड्डे बुजवा म्हणजे पुढच्या वेळीही परवानगी मिळेल. सदस्यत्व नसेल तर नवी मुंबईत सिडकोचा खारघर व्हॅली कोर्स सर्वांसाठी खुला आहे, तिथे फी भरून एक राउंड चाचणीसाठीच खेळता येतो.

चेंडू तुम्ही खेळता तेच घ्या, सगळे एकाच जातीचे. रेंजचे चेंडू टणक, घासलेले, कमी जाणारे असतात. त्यांच्यावर दोन क्लबांची आपसात तुलना चालते, पण आलेला आकडा खरा धरायचा नाही.

प्रत्येक क्लबचे १५ फटके मोजायचे: पाच चांगल्या गवतावरून, पाच टणक, जवळजवळ उघड्या जमिनीवरून, पाच हलक्या रफमधून, जिथे चेंडू अर्धा बुडालेला आहे. एकाच क्लबचे पंधरा सलग मारू नका. तीन याचे, तीन त्याचे, अशी पाळी ठेवा. नाहीतर पहिला क्लब अंग गरम व्हायच्या आत मारला जातो आणि दुसरा थकल्यावर, आणि दोष क्लबच्या माथी बसतो. प्रत्येक फटक्याआधी लक्ष्य बदला, दोन पावले मागे येऊन नेहमीची तयारी करा. कोर्सवर तुम्हाला लागोपाठ पंधरा संधी मिळत नाहीत.

प्रत्येक चेंडू वहीत जातो. "हा धरू नको, पाय घसरला" हे चालणार नाही. पाय कोर्सवरही घसरतात. कॅरीचा अंदाज, डावी-उजवी आणि फेसवर कुठे लागला, एवढे लिहा. शेवटच्या गोष्टीसाठी चेंडूच्या मागच्या बाजूला व्हाइटबोर्ड मार्करचा जाड ठिपका द्या. तो फेसवर उमटतो, आणि ओल्या फडक्याने पुसला जातो. नाइलाजाने मॅटवरच चाचणी करायची असेल तर चेंडूच्या मागे सहा बोटांवर पातळ टॉवेल अंथरा. टॉवेलला लागलेला प्रत्येक फटका फॅट, म्हणजे चेंडूआधी जमिनीला लागलेला, म्हणून लिहायचा, चेंडू कितीही छान उडालेला असो. मामांच्या भाषेत, गादीखाली थोडी माती आणायची.

आता वाचन. समजा १५ अंशांच्या थ्री वूडचा सर्वोत्तम कॅरी १९१ आला, मधला म्हणजे आठवा १६६, आणि उतरत्या क्रमाने बारावा १२८. फाइव्ह वूडचा सर्वोत्तम १८३, मधला १७२, बारावा १५७. जाळीसमोर उभे राहिलात तर पहिला क्लब आठ यार्डांनी जिंकतो. वही बघितलीत तर दुसरा मधल्या फटक्यात सहा यार्डांनी, आणि वाईट फटक्यात २९ यार्डांनी पुढे आहे. राउंडमध्ये चार वेळा क्लब काढणार असाल तर त्यातला सरासरी एक फटका बाराव्या जातीचा किंवा त्याहून वाईट असतो. त्या एका फटक्यात १५७ आणि १२८ यांतला फरक म्हणजे पुढचा फटका वेजने (आखूड अंतराच्या क्लबने) की मध्यम आयर्नने, हा फरक.

तीन जमिनींचे आकडे वेगवेगळेही बघा. क्लब गवतावर उत्तम आणि उघड्या जमिनीवर कोसळला, तर फेसची उंची किंवा सोल तुम्हाला मानवत नाही. रफमध्येच कोसळला तर त्यात क्लबचा दोष कमी आहे. अर्ध्या बुडालेल्या चेंडूला फेअरवे वूड काढणे हाच मुळात जुगार आहे, आणि तिथे हायब्रिड बरा. सगळीकडे सारखाच वाईट असेल तर शाफ्ट किंवा लांबीकडे बघा. आणि दोन्ही क्लब सारखेच वाईट निघाले, तर ते पैसे प्रोकडच्या (प्रशिक्षकाकडच्या) चार-पाच धड्यांत घाला. मी हा सल्ला स्वतः दोन वर्षे ऐकला नाही.

पडद्यावरचे आकडे

लॉन्च मॉनिटर (चेंडूचा आणि क्लबचा वेग, कोन मोजणारे यंत्र) मिळाला तर जरूर वापरा, पण आधी तो यार्ड दाखवतोय की मीटर ते विचारा. १७० मीटर म्हणजे १८६ यार्ड. या गफलतीत लोकांनी क्लब घेतलेले आहेत. पुढे चेंडूच्या वेगाला क्लबच्या वेगाने भागा. ८२ ला ११८ आला तर १.४४, म्हणजे फटका चांगला. ट्रॅकमनच्या त्याच आकड्यांत टूरची थ्री वूडची सरासरी १.४८ होती, तिथे पोचायची गरज नाही. महत्त्वाचे म्हणजे हा आकडा फटक्याफटक्याला किती हलतो. १.४४, १.४३, १.४२ असा येणारा क्लब १.४८, १.३१, १.४५ पेक्षा कामाचा.

निघण्याचा कोन ११ अंशांच्या खाली आणि फिरकी मिनिटाला पाच हजारांच्या वर, हे दोन्ही एकत्र दिसले तर चेंडू फेसच्या खालच्या भागावर लागतोय. मार्करचा ठिपका तेच सांगेल. उतरण्याचा कोन चाळिशीच्या खाली असेल तर पार-फाइव्हच्या हिरवळीवर चेंडू थांबण्याची आशा सोडा. क्लब फक्त पुढे सरकायला वापरा. आणि पुण्यातले आकडे चेंबूरला खेळणाऱ्या मित्राशी ताडून भांडू नका. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, पातळ हवेत चेंडू दोनेक टक्के जास्त जातो. १८० यार्डांवर तीन-चार यार्ड हवेनेच दिले.

जुना घ्यायचा असेल तर

मी आता शक्यतो जुनाच घेतो, पण डोळ्यांत तेल घालून. फेसवर स्टीलची पट्टी आडवी धरा. वूडचा फेस दोन्ही दिशांना किंचित फुगीर असतो, त्यामुळे पट्टी मध्ये टेकून कडांना उजेड दिसला पाहिजे. मध्येच उजेड दिसला तर फेस आत बसला आहे, कितीही स्वस्त असला तरी परत द्या. डोके कानाशी धरून हलवा. आत खडखड असेल तर गोंदाचा तुकडा सुटला आहे किंवा आणखी काही. क्राउनवर (डोक्याच्या वरच्या बाजूवर), फेसला लागून असलेल्या कडेला, नख फिरवा. पांढरे ओरखडे म्हणजे चेंडूखालून क्लब गेल्याच्या खुणा, त्या दिसायलाच वाईट. नखाला अडकणारी रेघ म्हणजे तडा. शाफ्टवर बॅगेच्या कडेला घासून पडलेली खाच असेल तर ती किती खोल आहे ते बघा. ग्राफाइटचे धागे दिसत असतील तर शाफ्ट गेला. स्लीव्हचा स्क्रू पान्याने प्रत्यक्ष उघडून दाखवायला सांगा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत राहिलेल्या क्लबचे स्क्रू जाम होतात आणि ग्रिप काचेसारखी गुळगुळीत होते. ग्रिप बदलता येते, तिचे पैसे किमतीतून वळते करून घ्या.

नकली माल पुष्कळ फिरतो. लोहचुंबक खिशात ठेवा. फेस टायटेनियमचा आहे असा दावा असेल आणि त्यावर चुंबक घट्ट बसला तर विषय संपला. स्टीलच्या डोक्यांना मात्र चुंबक चिकटायचाच, तो दोष नव्हे. होझेलवरचा (डोक्याच्या मानेवरचा) अनुक्रमांक, शाफ्टवरची छपाई, हेडकव्हरची शिवण, हे सगळे दुकानातल्या खऱ्या मॉडेलशी ताडून बघा. मागच्याच वर्षीचे मॉडेल कोणी कोऱ्या अवस्थेत चतुर्थांश किमतीला विकत असेल, तर त्याला तुमची दया आलेली नाही.

हिशोब

नव्या वरच्या मॉडेलला भारतात तीसेक हजार किंवा जास्त पडतात. समजा ३२,०००. तीन वर्षांनी १०,००० ला विकला, तर खर्च २२,०००. राउंडमागे चार फटके, वर्षाला ४० राउंड, तीन वर्षे: ४८० फटके. फटक्याला ४६ रुपये. तोच क्लब दोन पिढ्या जुना १२,००० ला घेतला आणि ७,००० ला विकला, तर फटक्याला दहा रुपये. आता वही उघडा. नव्या क्लबचा मधला आणि बारावा आकडा जुन्यापेक्षा किती सरस आहे? दोन-तीन यार्डांसाठी फटक्यामागे ३६ रुपये जादा द्यायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी देत नाही. पण बारावा फटका वीस यार्डांनी सुधारत असेल तर बायकोला न सांगता दिले आहेत.

जुन्याची लाज वाटत असेल तर हेन्रिक स्टेन्सनकडे बघा. २०१६ चे द ओपन जिंकणारा हा माणूस कॅलवेचा डायब्लो ऑक्टेन टूर हा थ्री वूड नवी नवी मॉडेल्स येऊन गेली तरी वर्षानुवर्षे बाळगून होता, आणि कंपन्या त्याला नवे क्लब फुकट द्यायला तयार असणारच.

खरेदीची वेळही साधा. टेलरमेड दरवर्षी नवे कुटुंब आणते: स्टेल्थ २०२२, स्टेल्थ टू २०२३, क्यूआय टेन २०२४, क्यूआय थर्टी-फाइव्ह २०२५. पिंगचा फेरा दोन वर्षांचा: जी ४२५ हा २०२१ चा, जी ४३० हा २०२३ चा, जी ४४० हा २०२५ चा. नवी मॉडेल्स बहुधा वर्षाच्या सुरुवातीला येतात. घेणाऱ्याने फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबावे, तेव्हा मागच्या पिढीचे भाव उतरतात. विकणाऱ्याने दिवाळीच्या आसपास विकून टाकावे. डावखुऱ्यांना हा सल्ला देताना संकोच वाटतो. त्यांना इथे जो क्लब मिळेल तो मिळेल तेव्हा घ्यावा लागतो.

घरी आणल्यावर पहिले पाच राउंड तीच वही बॅगेत ठेवा आणि क्लब काढलेला प्रत्येक फटका लिहा, जमीन कशी होती त्यासह. पाच राउंडांत वीसेक नोंदी होतात. कसोटीच्या दिवशीच्या मधल्या आकड्याच्या आसपास त्या येत नसतील तर क्लब अजून नवा दिसतो आहे तोवरच विका. पावसात खेळून आल्यावर ओले हेडकव्हर काढून क्लब पुसून ठेवा, नाहीतर चार महिन्यांत फेसच्या कडेला गंज धरतो आणि भाव दीड-दोन हजारांनी पडतो. माझा तो पहिला थ्री वूड असाच गंज धरून माळ्यावर पडला होता. शेवटी एका तरुणाने नेला. त्याचा ड्रायव्हर १०५ ने फिरतो, आणि तो टीवरून त्याच क्लबने मला चाळीस यार्ड मागे टाकतो. मामा आता त्याची बॅग उचलतात.